चेन्नईतला उत्तर भारतीय

चेन्नईत मी उत्तर भारतीय आहे. ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये, सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर, रिक्षात, सगळीकडे पहिल्याच आठवड्यात माझी नोंद 'नॉर्थ' अशी झाली. मी जळगावचा. जळगाव उत्तर महाराष्ट्रात आहे, तेवढ्यापुरतं या वर्गीकरणात तथ्य आहे. पण 'उत्तर भारतीय' हा शब्द आपल्याकडे कसा वापरतात ते तुम्हाला ठाऊक आहे. तो भूगोलाचा कमी आणि निवडणुकीचा जास्त. शिवाय तो नेहमी दुसऱ्याला लावायचा असतो. चेन्नईत मात्र उत्तरेची रेघ बरीच खाली ओढलेली आहे, आणि त्या रेघेच्या वर मी, लखनौचा सहकारी आणि चहाच्या टपरीवरचा ओडिया पोरगा असे तिघं एकाच पिशवीत आहोत.

गंमत अशी की मी दिल्लीला ट्रेनिंगला गेलो होतो तेव्हा तिथल्या रूममेटने मला 'तुम साउथवाले' म्हणून घेतलं होतं. पुण्यात कॉलेजला होतो तेव्हा मी 'खान्देशी' होतो. 'मी येऊन राहिलो' म्हटलं की हॉस्टेलची अख्खी खोली लोळायची. म्हणजे माणूस तोच, आधारकार्ड तेच, आणि गाव बदललं की दिशा बदलते. आपण कोण आहोत हे आपण ठरवतो, असं मोटिव्हेशनल रील्स सांगतात. प्रत्यक्षात ते बऱ्याचदा समोरचा माणूस कुठे उभा आहे त्यावर ठरतं.

दुसऱ्या प्रांतात राहायला गेलेल्या माणसाच्या गमती हा आपल्याकडे हमखास हसवणारा विषय आहे. मलाही त्या सांगायला आवडतात. पण तीन वर्षं चेन्नईत काढल्यावर एक प्रश्न डोक्यातून जात नाही: या गमती सांगणं नेमकं कुणाला परवडतं?

वांगं, तंबी आणि बाटली

आधी गमती सांगून घेतो.

भाषा येत नसली की कान फार उद्योगी होतात. न कळणाऱ्या आवाजात ते ओळखीचे शब्द शोधत बसतात. तमिळमध्ये आदराने 'या' म्हणायचं तर 'वांगा'. टी. नगरच्या रंगनाथन स्ट्रीटवरून जाताना दोन्ही बाजूंच्या दुकानांतून 'वांगा, वांगा' असा गजर चालू असतो. जळगावचा माणूस, भरिताचा मोसम, आणि दोन्ही कानांत वांग्याचा पुकारा. डोळ्यांत पाणी यायचं तेवढं बाकी राहतं. एकेरीत 'ये' म्हणजे 'वा'. आमच्या घरमालकांच्या आई जिन्यातून 'वा, वा' करतात तेव्हा कचरा खाली नेऊन ठेवण्यासारख्या कामातही आपण काहीतरी थोर केल्यासारखं वाटतं. 'सरि' म्हणजे 'ठीक आहे'. फोनवर ऐकताना समोरचा माणूस दर वाक्याला माफी मागतोय असा भास होतो. आणि 'तंबी' म्हणजे धाकटा भाऊ. मराठीत तंबी देतात, तमिळमध्ये तंबी म्हणतात. आमचे टीम लीड प्रेमाने 'तंबी' अशी हाक मारतात, आणि माझा हात आपोआप चुकलेला कोड शोधायला लागतो.

माझं आडनाव पाटील. जळगावात नुसतं पाटील सांगून भागत नाही. 'कोणते पाटील?' हा पुढचा प्रश्न ठरलेला. लेवा की मराठा, गाव कोणतं, मामा कुठले, इतकी चौकशी झाल्यावर मग पाणी येतं. तमिळमध्ये 'पाट्टिल' म्हणजे बाटली. इंग्रजी 'बॉटल'चं तमिळ रूप. सिक्युरिटी गार्डने पहिल्या दिवशी माझं नाव रजिस्टरमध्ये लिहिलं आणि स्वतःशीच हसला. पिढ्यान्‌पिढ्यांची पाटीलकी एका दमात रिकामी झाली.

पण त्या हसण्यात एक सुटकाही होती. तमिळनाडूत बहुतेक लोक आडनाव लावत नाहीत. वडिलांच्या नावाचं आद्याक्षर आणि मग स्वतःचं नाव, एवढंच. यामागे इतिहास आहे. 1929 साली चेंगलपट्टूला स्वाभिमान चळवळीची परिषद झाली, तिने नावामागची जातिवाचक बिरुदं टाकायचं आवाहन केलं आणि पेरियार यांनी स्वतःच्या नावातलं 'नायकर' सोडलं. जात त्यामुळे संपली नाही, पण नावावरून लगेच वाचता येईनाशी झाली. आपल्याकडे 'आडनाव काय?' हा प्रश्न जात विचारायचा सभ्य मार्ग आहे. इथे माझ्या आडनावातून कुणाला काहीच वाचता येत नव्हतं, बाटलीखेरीज. आयुष्यात पहिल्यांदा मी नुसता एक आवाज होतो. ते सुख तुम्हाला सांगून कळणार नाही.

सुख टिकलं मात्र घर शोधायला निघेपर्यंतच. 'फक्त शाकाहारी' ही अट जाहिरातीतच असते. फोनवर एका मालकांनी पगार विचारला, कंपनी विचारली, मग थोडं थांबून विचारलं, 'पाटील म्हणजे... ब्राह्मिन-आ?' आडनावाने उत्तर दिलं नाही तर माणूस सरळ विचारतो. हे चेन्नईतच होतं असं अजिबात समजू नका. पुण्या-मुंबईत नुसतं नाव ऐकून फोन ठेवून दिलेले मित्र तुमच्याही ओळखीत असतील. मला शेवटी घर मिळालं. आणि घर मिळालं म्हणून आज मी हा प्रसंग हसत सांगतोय. हे 'म्हणून' पुढे लागणार आहे, लक्षात असू द्या.

हसणारे दोन प्रकारचे

माणूस का हसतो यावर तत्त्वज्ञांनी बराच विचार केला आहे. सतराव्या शतकातला इंग्रज विचारवंत थॉमस हॉब्ज म्हणतो त्याचा मथितार्थ असा: दुसऱ्याची उणीव दिसली की आपण एकदम मोठे झाल्यासारखं वाटतं, आणि त्या क्षणिक मोठेपणाचा आवाज म्हणजे हसू. फ्रेंच तत्त्वज्ञ आंरी बेर्गसाँ याने 1900 साली हसण्यावर एक आख्खं पुस्तक लिहिलं. त्याच्या मते माणूस यंत्रासारखा ताठर वागायला लागला की तो हास्यास्पद होतो, आणि समाज हसून त्याला वळण लावतो. हसू ही एक सौम्य शिक्षा आहे. आणि हसायचं असेल तर तेवढ्यापुरतं हृदय बधिर करावं लागतं, असंही तो सांगतो.

नवख्या माणसाला या दोन्ही गोष्टी लगेच पटतील. केळीच्या पानावर डाव्या हाताने वाढून घ्यायला गेलो तेव्हा शेजारचे आजोबा हसले आणि हळूच माझा हात खाली केला. रसम-भात पानावरून मनगटाकडे निघाला तेव्हा वाढणारा हसला आणि भाताचा बांध घालायला शिकवलं. बेर्गसाँचा सिद्धांत भरल्या पानावर सिद्ध झाला. ही शिक्षा होती, पण तिच्यात पुढच्या पंगतीचं आमंत्रणही होतं. एखाद्याने वळण शिकावं असं वाटतं, याचा अर्थ त्याने पुन्हा यावं असंही वाटतं.

हॉब्जचं हसू वेगळं. त्याला तुम्ही सुधारायला नकोच असता, कारण तुम्ही सुधारलात तर ते हसणार कुणाला?

हे दोन्ही प्रकार मला सगळ्यात स्पष्ट कळले ते एका अक्षरामुळे. हिंदीवाला टिळकांना 'तिलक' म्हणतो तेव्हा आपण मराठी लोक किती खूश होतो बघा. 'ळ' हा आपला पासपोर्ट. ज्याला तो जमत नाही तो बाहेरचा. आणि तमिळमध्ये 'ळ' आहेच, पण त्याच्या पलीकडे आणखी एक अक्षर आहे. जीभ मागे वळवायची, टाळूला मात्र लावायची नाही; 'र', 'ळ' आणि 'य' यांच्या मधे कुठेतरी हवेत लटकणारा उच्चार. खुद्द 'तमिळ' या शब्दाच्या शेवटी तोच आहे. केळ्याला तमिळमध्ये जो शब्द आहे त्यात तो दोनदा येतो. तेव्हा मराठी माणसाने चेन्नईत डझनभर केळी मागितली, की तो तिथला 'तिलक'वाला झालाच. आमच्या फळवाल्या अक्कांनी मला तो उच्चार रोज एकदा करायला लावला. आसपासची गिऱ्हाइकं थांबून ऐकायची. तुमच्यातल्याही कितीतरी जणांना हे जमत नाही, असं मी एकदा मोडक्या तमिळमध्ये म्हणालो, आणि सगळ्यात मोठ्याने अक्का हसल्या, कारण ते खरं आहे.

माझ्या लेखी सगळा फरक इथे आहे. मला उलट बोलता आलं.

ज्यांच्या गमती होत नाहीत

आमच्या ऑफिसच्या रस्त्यावर, ओएमआरवर, चहाच्या टपरीत काम करणारा पोरगा ओडिशाचा आहे. वय विशीच्या आतबाहेर. मला तीन वर्षांत जेवढं तमिळ आलं, त्याहून जास्त त्याला सहा महिन्यांत आलं होतं. कारण साधं आहे. मला तमिळ आलं नाही तर माझ्याकडे ॲप आहे, इंग्रजी आहे, एचआर आहे. त्याला आलं नाही तर त्याची नोकरी नाही. चेन्नईत मेट्रोचे खांब, इमारती, हॉटेलची भटारखाने, सगळीकडे बिहार, ओडिशा, बंगाल, आसामचे कामगार आहेत. त्यांच्यासाठी 'वडक्कन' असा एक शब्द आहे. अर्थ 'उत्तरेकडचा' इतकाच, पण सूर तो, जो आपल्याकडे 'भैय्या'ला लागतो.

कागदावर मीही वडक्कनच. पण माझं तमिळ चुकलं की तो किस्सा होतो. त्याचं चुकलं की तो खोळंबा होतो. मी चुकलो तर लोक म्हणतात, 'प्रयत्न करतोय बिचारा.' तो चुकला तर म्हणतात, 'ही माणसं शिकतच नाहीत.' मी माझ्या फजितीचं स्टेटस टाकतो, त्याला हार्ट येतात. मार्च 2023 मध्ये तमिळनाडूत बिहारी कामगारांवर हल्ले होत असल्याचे खोटे व्हिडिओ पसरले. तमिळनाडू पोलिसांनी ते खोटे असल्याचं जाहीर केलं, बिहार सरकारचं पथक पाहणी करून गेलं. पण तोवर घाबरलेले कामगार स्टेशनवर जमले होते. अशा वेळी माझ्यासारखा 'उत्तर भारतीय' लॅपटॉप उघडून घरून काम करतो. एकाच पिशवीतले आम्ही तिघं, पण पिशवी फाटली की वेगवेगळ्या उंचीवरून पडतो.

स्थलांतरातला विनोद ही सुरक्षित माणसाची चैन आहे, असं मला वाटतं ते यामुळे. ज्याच्याकडे परतीचं तिकीट आहे त्याची फजिती विनोदी असते. ज्याच्याकडे ते नाही त्याची फजिती नुसती फजिती असते.

आणि याची उदाहरणं शोधायला चेन्नईला यायची गरज नाही. 2011 च्या जनगणनेनुसार देशात सुमारे 45 कोटी लोक स्थलांतरित आहेत. त्यातलं सगळ्यात मोठं कारण नोकरी नाही, लग्न आहे. म्हणजे या देशातली नमुनेदार स्थलांतरित व्यक्ती कोण, तर सासरी आलेली बाई. माझी आई कोल्हापूरची. तिकडच्या बायका 'मी येतो, मी जातो' म्हणतात. लग्न होऊन जळगावला आल्यावर ती पहिल्यांदा 'मी पाणी आणतो' म्हणाली, तेव्हा घरातली लहानमोठी सगळी हसली. हसणं वाईट हेतूने नव्हतं. पण सासरच्यांच्या 'करून राहिले'वर उलट हसायची मुभा तिला नव्हती. आई सांगते, पहिली दोन वर्षं ती घरात फार बोलायचीच नाही. आज हा किस्सा आमच्या घरात हुकमी आहे, दर दिवाळीला निघतो. सांगतात सगळे. आई सांगत नाही.

पण मग भाषेचं काय?

आता तुम्ही म्हणाल, हे सगळं ठीक, पण बाहेरून आलेल्याने स्थानिक भाषा शिकू नये का? शिकावी. घटनेच्या 19 व्या कलमाने मला देशात कुठेही राहायचा हक्क दिलाय. पण हक्क घराचा असतो, आपुलकीचा नसतो. ती शेजाऱ्यांशी बोलूनच मिळते, आणि बोलायचं तर त्यांच्या भाषेत. शिवाय स्थानिकांची भीती पोकळ नसते. आपल्याच शहरात आपली भाषा बोलायला संकोच वाटावा, हे दुःख मुंबईच्या मराठी माणसाला कुणी समजावून सांगायला नको. तमिळ माणसाने 1937 मध्ये आणि पुन्हा 1965 मध्ये हिंदीच्या सक्तीविरुद्ध मोठी आंदोलनं केली, आणि 1968 पासून तिथे शाळेत दोनच भाषा आहेत. 2025 च्या जूनमध्ये पहिलीपासूनच्या हिंदीचे शासन निर्णय महाराष्ट्र सरकारला मागे घ्यावे लागले, तेव्हा माझे चेन्नईतले सहकारी माझं अभिनंदन करायला आले. त्या एका दिवसापुरता मी दक्षिण भारतीय झालो.

तेव्हा प्रश्न शिकावी की नाही हा नाही. कुणावर किती बंधन, हा आहे. मला वाटतं ते तीन गोष्टींवर ठरावं: येण्यात तुमची निवड किती होती, शिकायला वेळ किती आहे, आणि तुमच्या न शिकण्याची किंमत कोण मोजतं. दहा वर्षं एखाद्या शहरात राहून, फ्लॅट घेऊन, तिथल्या भाषेत एक वाक्य न येणारा मॅनेजर तिन्ही कसोट्यांवर सगळ्यात जास्त बांधील आहे. त्याला भाषा येत नाही म्हणून कामवाल्या बाईला, रिक्षावाल्याला त्याची भाषा शिकावी लागते. बारा तासांची पाळी करणारा हमाल सगळ्यात कमी बांधील आहे. आणि गंमत म्हणजे शिकतो तोच.

पण जाब कुणाला विचारला जातो? साठ-सत्तरच्या दशकात मुंबईत लुंगीवाल्यांना हटवायच्या घोषणा झाल्या, तेव्हा मार उडपी हॉटेलांनी खाल्ला. 2025 च्या पावसाळ्यात मराठी न बोलल्यावरून मीरा रोडला मारहाण झाली, ती एका दुकानदाराला. काउंटरमागे उभा असलेला माणूस हाताला लागतो. तिसाव्या मजल्यावरचा लागत नाही. मराठीचा प्रश्न खरा आहे, आणि तरीही तो चुकीच्या गालावर सोडवला जातो.

इतिहास हेच जरा भव्य प्रमाणात सांगतो. सतराव्या शतकात व्यंकोजीराजांनी तंजावर घेतलं आणि तिथे 1855 पर्यंत भोसल्यांचं राज्य राहिलं. बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर लांबलचक मराठी शिलालेख आहे, दुसऱ्या सरफोजीराजांनी वाढवलेलं सरस्वती महाल ग्रंथालय आजही उभं आहे. त्यांना 'आधी तमिळ शिका' म्हणायची कुणाची टाप होती? तलवार घेऊन आलेला राजा ठरतो, बॅग घेऊन आलेला एक्सपॅट, आणि गाठोडं घेऊन आलेला परप्रांतीय. याउलट शिवाजीराव गायकवाड नावाचा बंगळुरूच्या मराठी घरातला बस कंडक्टर मद्रासला आला आणि रजनीकांत झाला. तमिळ माणसाने त्याला देवासारखं डोक्यावर घेतलं, तरी त्याच्या राजकारणाची गोष्ट निघाली तेव्हा 'हा तमिळ कुठला?' हा प्रश्न निघालाच. इतक्या वर्षांनी रजनीकांतचीही सुटका होत नसेल, तर टपरीवरच्या पोराकडून सहा महिन्यांत काय मागायचं?

उलट हसायची मुभा

परप्रांतावरचे विनोद बंद करा, असं मी म्हणणार नाही. ज्या दोन माणसांना एकमेकांवर हसता येत नाही ती शेजारी म्हणून फार काळ टिकत नाहीत. नुसता आदर ठेवून राहणं हे पाहुण्यासारखं झालं. पाहुणा कायम चादर न चुरगळता झोपतो. मला चेन्नईत आपलं वाटायला लागलं ते लोक माझ्यावर हसायचे थांबले म्हणून नाही, तर त्यांच्या फिल्टर कॉफीच्या एवढ्याशा टंबलरवर आणि मान हलवून 'हो' की 'नाही' ते कळू न देण्याच्या कलेवर मला हसता यायला लागलं म्हणून.

म्हणून माझ्यापुरती मी एकच कसोटी ठेवली आहे. ज्याच्यावर मी हसतोय त्याला माझ्यावर, माझ्या तोंडावर, काही न गमावता हसता येईल का? फळवाल्या अक्कांना येतं. टीम लीडना येतं. तुमच्या सोसायटीच्या बिहारी वॉचमनला तुमच्या हिंदीवर मोठ्याने हसता येतं का? नव्या सुनेला येतं का? येत नसेल तर तो विनोद कितीही चांगला असो, त्यात एकच माणूस हसतोय आणि दुसरा नोकरी सांभाळतोय.

तमिळमध्ये निरोप घेताना 'जातो' म्हणत नाहीत. 'पोइट्टु वरेन' म्हणतात, जाऊन येतो. आपण मराठीत नुसतं 'येतो' म्हणतो, 'जातो' म्हटलं तर आई रागावते. दोन्ही भाषांना घर सोडणाऱ्या माणसाच्या मनातलं इतकं नेमकं कळलं आहे. टपरीवरचा पोरगा गेल्या महिन्यात बहिणीच्या लग्नाला गावी निघाला तेव्हा त्याने हेच शब्द वापरले, अगदी अस्सल चेन्नईच्या हेलात. टपरीचे मालक त्याच्या ओडिया वळणाची नक्कल करत म्हणाले, 'लवकर ये रे, इथे तमिळ कोण बोलणार?' त्यावर त्याने माझ्याकडे बोट दाखवलं आणि मान नाही-नाही अशी हलवली. या वेळी अर्थ सगळ्यांना बरोबर कळला.